भीतीची पावती

गणेशगुडीला शनिवारची सकाळ फोनवर उगवते. "पाणी सोडलंय का?" हा एकच प्रश्न पुणे, बेळगाव, हुबळी, मडगाव असा चारी दिशांनी येत असतो. सुपा धरणाच्या वीजघरातून पाणी सुटलं की काळी नदीत राफ्टिंग चालतं. नाही सुटलं तर पाहुणे धनेश पक्षी बघतात आणि जेवणाबद्दल तक्रार करतात. १०१ मीटर उंचीचं हे धरण १९८७ साली पूर्ण झालं. जुनं सुपा गाव पाण्याखाली गेलं, तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं, विस्थापितांची वस्ती रामनगरला बसली. धरणाच्या कामाची सुरुंगाची दारू जिथे साठवत, त्या कोठाराच्या आवारात आता पर्यटकांची राहायची सोय आहे. इथल्या बऱ्याच घरांचा संसार आता पाहुण्यांवर चालतो, आणि पाहुणे येतात ते लॅपटॉप-मोबाइलच्या वाटेनं.

अशाच एका होमस्टेच्या व्यवस्थापकानं मला एक पावती दाखवली. तिशीतला, रामनगरचा मुलगा, मराठी बोलताना मध्येच कोंकणीत शिरणारा. पावतीवर कंपनीचं इंग्रजी नाव, ढालीचं चिन्ह, 'तीन वर्षांचं संपूर्ण संरक्षण' असा मजकूर, जीएसटीचा रकाना, खाली रक्कम चार हजार पाचशे. कंपनी खोटी, संरक्षण खोटं. खरे होते ते फक्त पैसे. गंमत म्हणजे पावती त्यानं फाडून टाकली नव्हती. ती हिशेबाच्या फाइलमध्ये 'दुरुस्ती व देखभाल' या सदराखाली, जनरेटरच्या डिझेलच्या आणि गिझरच्या बिलाच्या मध्ये, व्यवस्थित पंच करून लावलेली होती. "मालकांना व्हाउचर लागतं, सर," तो म्हणाला.

घडलं होतं ते असं. एका पाहुण्यानं पाठवलेलं ओळखपत्र पीडीएफमध्ये बदलायचं होतं, म्हणून यानं फुकटातलं एखादं साधन नेटवर शोधलं. पानावर 'डाउनलोड'ची दोन-तीन हिरवी बटणं होती, त्यातली बहुतेक जाहिराती. पुढे एक चौकट आली, 'तुम्ही रोबो नाही हे दाखवण्यासाठी अलाउ दाबा.' त्यानं दाबलं. त्या एका टिचकीनं काय झालं, तर त्या साइटला कोपऱ्यात सूचना पाठवायची परवानगी मिळाली. व्हायरस वगैरे काही शिरला नव्हता. दोन-तीन दिवसांनी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात सूचना येऊ लागल्या : संरक्षण संपलं, पाच व्हायरस सापडले, बँकेचा पासवर्ड धोक्यात. नावाजलेल्या अँटिव्हायरस कंपनीचं चिन्ह, तोच लाल रंग. एका सकाळी त्यावर टिचकी मारली तर पडदाभर लाल पान पसरलं, भोंगा वाजायला लागला, आणि एक आवाज इंग्रजीत सांगू लागला की कॉम्प्युटर बंद करू नका, नाहीतर सगळा डेटा जाईल. खाली मदतीचा नंबर. बाहेर पाहुणे नाश्ता करत होते.

"बंद का नाही केलास?" मी विचारलं.

"बंद करू नका असं त्यातच लिहिलेलं होतं ना, सर. आणि सगळं बुकिंग त्यात."

या उत्तरापाशी मी बराच रेंगाळलो. फसवणुकीच्या बातम्या वाचताना आपण मनातल्या मनात फसलेल्याला एक शिवी देऊन मोकळे होतो : हाव नडली. दामदुप्पट, लॉटरी, शेअरच्या टिपा, सगळीकडे हाव असतेच. खोट्या अँटिव्हायरसला मात्र हावरा माणूस नकोच असतो. त्याला काळजी घेणारा लागतो. मालकाचा लॅपटॉप आपल्या ताब्यात आहे याचं भान असलेला, इशारा आला की तो वाचणारा. बेफिकीर पोरगा ती खिडकी बंद करून सिनेमा बघायला लागेल. दृष्ट लागली हे सांगणारा आणि दृष्ट उतरवून देणारा एकच असावा, तसा हा व्यवहार आहे, आणि त्यात ओवाळून घ्यायला बसतो तो घरातला सर्वांत जबाबदार माणूस.

त्या नंबरवर फोन केल्यावर 'इंजिनिअर' हिंदीत बोलला, अदबीनं. दुरून पडदा दिसेल आणि माउस हलवता येईल असं अ‍ॅप त्यानं उतरवून घ्यायला लावलं. ही अ‍ॅप मुळात सरळ कामाची आहेत. कार्यालयांतले संगणकवाले तीच वापरतात. पण त्यांचा असा वापर होतो म्हणून रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९ मध्ये एनीडेस्क या अशाच एका अ‍ॅपबद्दल बँकांना सावध केलं होतं. मग त्यानं विंडोजमधला 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडला. लाल गोलांची आणि पिवळ्या त्रिकोणांची लांबलचक रांग. "हे सगळे व्हायरस," इंजिनिअर म्हणाला.

मी तिथेच माझा लॅपटॉप काढला आणि तेच उघडून दाखवलं. तसेच लाल गोल, त्याच्यापेक्षा थोडे जास्तच. ती विंडोजची रोजनिशी आहे. एखादी सेवा दोन सेकंद उशिरा सुरू झाली, प्रिंटर सापडला नाही, वायफाय तुटलं, की तिथे लाल नोंद पडते. धडधाकट कॉम्प्युटरमध्ये अशा नोंदी शेकड्यांनी असतात. याहून नामी युक्ती दुसरी आहे. काळ्या खिडकीत 'अ‍ॅसॉक' ही आज्ञा द्यायला लावतात, आणि शेवटी दिसणारा '८८८डीसीए६०' असा सुरू होणारा लांब क्रमांक वाचून दाखवतात : "हा तुमच्या मशीनचा परवाना क्रमांक, आमच्या नोंदीत आहे, जुळवून बघा." क्रमांक अक्षर न अक्षर जुळतो. जुळणारच, तो प्रत्येक विंडोजवर एकच असतो. त्याचा परवान्याशी काडीचा संबंध नाही. परक्या माणसाच्या तोंडून आपल्या यंत्रातला बत्तीस अक्षरी आकडा बिनचूक ऐकल्यावर मात्र कोण शंका घेईल?

आता त्या लाल पानाबद्दल. कुठलंही वेबपान तुमच्या सी ड्राइव्हमधल्या फाइली परस्पर तपासू शकत नाही. ब्राउझर तशी मुभाच देत नाही. सरकणारी पट्टी, भराभर पळणारी फाइलींची नावं, वाढत जाणारा आकडा, हे नुसतं चलचित्र. पूर्वी तर हे सोंग इतकं ढोबळ असे की अ‍ॅपलच्या मॅकवरही विंडोजचं 'माय कॉम्प्युटर' दाखवून त्यातल्या नसलेल्या ड्राइव्हमध्ये व्हायरस सापडत. मे २०११ मध्ये खास मॅकसाठी 'मॅक डिफेंडर' आलं आणि ही उणीवही भरून निघाली.

त्या काळी खेळ फोनपर्यंत जातच नसे. पडद्यावर टिचकी मारली की खरोखरचा प्रोग्रॅम उतरायचा आणि कॉम्प्युटरचा ताबा घ्यायचा. टास्क मॅनेजर उघडायला जावं तर 'ही फाइल बाधित आहे' म्हणून बंद. खऱ्या अँटिव्हायरसच्या साइटवर जावं तर वाट अडवलेली. काही प्रोग्रॅम तर आधी स्वतःच निरुपद्रवी फाइली पेरून ठेवत आणि मग 'सापडल्या' म्हणून ओरडत. सुटका एकच : साधारण ५० डॉलर भरून 'पूर्ण आवृत्ती' घ्यायची. पैसे भरले की इशारे थांबत. म्हणजे औषध लागू पडलं! गिऱ्हाइकाचा अनुभवही तेच सांगे. जुन्या रोगांपैकी इतका खात्रीनं बरा होणारा दुसरा नसेल.

या धंद्याचा पहिला मोठा कारखाना 'इनोव्हेटिव्ह मार्केटिंग' नावानं चालायचा. नोंदणी मध्य अमेरिकेतल्या बेलीझची, कामकाज युक्रेनमधल्या कीवचं. विनफिक्सर, विनअँटिव्हायरस, ड्राइव्हक्लीनर, एक्सपी अँटिव्हायरस ही त्यांची अपत्यं. २००० नंतरच्या दशकात ज्यांनी सायबर कॅफे चालवला त्यांना ही नावं अजून आठवतील. त्यांची हुशारी जाहिरातीत होती. मोठ्या साइटींवर जाहिरात लावणाऱ्या मध्यस्थानं तपासून बघितलं तर त्याला साधी, सभ्य जाहिरात दिसे. बाकी जगाला तीच जाहिरात खोट्या स्कॅनकडे ढकलून देई. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं मेरीलँडच्या न्यायालयातून त्यांना रोखलं, तोवर दहा लाखांहून जास्त ग्राहक फसले होते. मे २०१० मध्ये शिकागोत तिघांवर आरोपपत्र आलं. त्यात शैलेशकुमार जैन हे भारतीय नाव होतं. साठाहून अधिक देशांतून दहा कोटी डॉलर गोळा केल्याचा आरोप. २०१२ मध्ये कमिशनच्या खटल्यात १६.३ कोटी डॉलरचा निकाल झाला. जैन त्याआधीच फरार झाला होता.

हॉटेलवाल्यांना जवळची वाटेल अशी एक हकिकत २०१० सालची आहे. मिनियापोलिसच्या 'स्टार ट्रिब्यून' या प्रतिष्ठित दैनिकाच्या साइटवर एका जाहिरात संस्थेनं जागा मागितली. जाहिरात एका नामांकित हॉटेलसाखळीची. वर्तमानपत्रानं तपासली, ठीक वाटली, लावली. संस्था बनावट होती. जाहिरात मंजूर झाल्यावर तिच्यातला कोड बदलला गेला आणि बातम्या वाचायला आलेल्यांच्या कॉम्प्युटरवर 'अँटिव्हायरस सॉफ्ट' उतरू लागलं. किंमत ४९.९५ डॉलर, न देणाऱ्याला स्वतःच्या फाइली उघडेनात. यामागचा लाटव्हियाचा पेटेरिस साहुरोव्स २०११ मध्ये पकडला गेला, सुटला, पळाला, एफबीआयच्या यादीत चढला, २०१६ मध्ये पोलंडमध्ये सापडला आणि २०१८ मध्ये त्याला ३३ महिन्यांची कैद झाली. वाचकानं यात काय चुकीचं केलं? वर्तमानपत्र वाचलं.

या टोळ्यांचं अर्थशास्त्र मला त्यांच्या तंत्रापेक्षा जास्त रंजक वाटतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या संशोधकांच्या हाती अशा तीन धंद्यांचे सर्व्हर लागले. २०११ मध्ये त्यांनी त्यातले हिशेब मांडले. तिघांनी मिळून १३ कोटी डॉलरहून जास्त मिळवले होते. प्रोग्रॅम ज्यांच्या यंत्रात उतरला, त्यांपैकी पैसे भरणारे शंभरात जेमतेम दोन. उरलेले अठ्ठ्याण्णव वैतागून, दुरुस्तीवाल्याकडे जाऊन किंवा विंडोज नव्यानं घालून सुटत. दोन पुरेसे होते.

त्याहून मजेशीर म्हणजे हे लोक पैसे परत करत. तक्रार आली की चटकन, गोड बोलून. दया म्हणून नव्हे. फसलेला माणूस बँकेकडे गेला, की कार्ड कंपनीकडे एक नोंद पडते. अशा नोंदी ठरावीक मर्यादेबाहेर गेल्या तर कार्ड घेण्याची सोयच बंद होते आणि धंदा बसतो. म्हणून परताव्याचं प्रमाण हे लोक तक्रारींचा आकडा बघून कमी-जास्त करत. ग्राहक सेवा केंद्र होतं, मदतीचा ईमेल होता, पावती होती. प्रामाणिक दुकानाकडे जे जे असतं ते सगळं होतं, माल सोडून. आणि माल लोकांच्या गळ्यात मारणारे दलाल वेगळे. त्यांना विक्रीतला मोठा वाटा मिळे. २००८च्या नोव्हेंबरात जगभर पसरलेल्या कॉन्फिकर या किड्याची पहिली आवृत्ती अशाच एका दलालीच्या साइटकडे धाव घेई, आणि युक्रेनी कीबोर्ड असलेल्या कॉम्प्युटरला हात लावत नसे. घरच्या पोलिसांना उगाच कशाला डिवचा!

२०११च्या उन्हाळ्यात रशियात एका पैसे वळवणाऱ्या कंपनीचा प्रमुख अटकेत गेला, अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून सर्व्हर उचलले, आणि ही लाट ओसरली. तोवर मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं फुकट अँटिव्हायरस आलं होतं. विंडोज ८ पासून ते आतच बसवलेलं येऊ लागलं. पण धंदा मेला नाही, त्यानं कात टाकली. प्रोग्रॅम उतरवणं अवघड झालं तर उतरवायचाच कशाला? लाल पान, भोंगा आणि फोन नंबर एवढ्यावर भागतं. फोनच्या दुसऱ्या टोकाला स्वस्तात इंग्रजी बोलणारी माणसं हवीत. ती कुठे मिळतात, हे आपल्याला सांगायला नको.

ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले तेव्हा शेकडो तरुण मुलंमुली हेडफोन लावून बसलेली सापडली. ती अमेरिकी कर खात्याचे अधिकारी म्हणून बोलत, अँटिव्हायरसवाले म्हणून नव्हे. पण संहिता वाचून समोरच्याला घाबरवायचं आणि मग तोडगा विकायचा, हा पाठ एकच. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयनं 'ऑपरेशन चक्र-२'मध्ये देशभर ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या. त्यातले दोन गुन्हे मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉनच्या तक्रारींवरून होते, तांत्रिक मदतीच्या नावानं परदेशी माणसांना लुटल्याचे. ऑगस्ट २०२५ मध्ये सीबीआयला असंच केंद्र सापडलं ते इगतपुरीच्या एका रिसॉर्टमध्ये. साठेक कर्मचारी, ग्राहक सेवेच्या नावाखाली अमेरिका-कॅनडाकडे फोन. घाटावरचं धुकं, खोल्या, जेवणाची सोय, बाहेरच्यांची वर्दळ कुणाच्या डोळ्यांत न येणारी. गणेशगुडीच्या व्यवस्थापकाला ही बातमी सांगितली तेव्हा तो आधी हसला आणि मग म्हणाला, "म्हणजे पाहुणे उतरताना आधार कार्ड बघून उपयोग नाही."

या टोळ्यांना परदेशी माणूस कार्डानं पैसे देतो. आपल्याकडे २०२० पासून नव्या कार्डावर परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार मुळात बंदच असतात, मालकाला ते सुरू करून घ्यावे लागतात. देशातल्या ऑनलाइन व्यवहाराला सहसा ओटीपी लागतो. त्यामुळे इथल्या गिऱ्हाइकासाठी फोनवरचा माणूस आणि यूपीआय लागतं. ओटीपी भल्याभल्यांना थोपवतो, पण स्वतःच्या हातानं यूपीआयचा पिन घालणाऱ्याला कोण थोपवणार? असे पैसे गेले तर १९३० या नंबरवर लगेच फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यांतून पसार होण्याआधी गोठवता आली तर येते. व्यवस्थापकानं तो केला नाही, कारण फसलो हे त्याला कळलं तब्बल महिन्याभरानं. तोवर तो स्वतःला सुरक्षित समजत होता, आणि ओळखीच्या एका जीपवाल्याला त्यानं तो नंबरही दिला होता.

सगळा दोष चोरांवर टाकून सरळ धंदेवाल्यांना सोडता येत नाही. अमेरिकेतल्या ऑफिस डेपो या बड्या दुकानसाखळीत अनेक वर्षं फुकट 'पीसी हेल्थ चेक' होत असे. तपासणीआधी ग्राहकाला चार प्रश्न विचारत : कॉम्प्युटर मंद चालतो का, अचानक बंद पडतो का, असे. एकाचंही उत्तर हो आलं आणि त्या चौकटीत खूण झाली, की स्कॅन काहीही सांगो, निकाल बिघाडाचाच. २०१९ मध्ये ऑफिस डेपो आणि तिच्या जोडीदार कंपनीनं मिळून ३.५ कोटी डॉलर भरले. मार्च २०२४ मध्ये रेस्टोरो आणि रीइमेज या सायप्रसच्या कंपन्यांनी २.६ कोटी डॉलर भरायचं कबूल केलं. विंडोजचे वाटावेत असे इशारे दाखवून त्या दुरुस्तीच्या योजना विकत होत्या. आणि खऱ्या कंपन्या तरी काय करतात? लॅपटॉपबरोबर आलेली चाचणी आवृत्ती संपायला आली की त्याही लाल-पिवळ्या खिडक्या फडकवतात, 'तुम्ही असुरक्षित आहात' म्हणतात. चोरानं ही भाषा शोधून काढलेली नाही, त्यानं ती उचलली.

पुण्याच्या क्विक हीलची सुरुवात आठवते. साताऱ्याकडच्या रहिमतपूरच्या कैलास काटकरांनी दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं काम धरलं. दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरांत व्हायरस भेटू लागले, धाकटे भाऊ संजय यांनी ते काढायची साधनं लिहिली, त्यातून नव्वदच्या दशकात अँटिव्हायरस उभं राहिलं. २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. रोगी आधी टेबलावर आला आणि औषध नंतर तयार झालं. खोट्या अँटिव्हायरसच्या धंद्यात क्रम उलटा असतो.

खऱ्या मालाची पंचाईत मात्र अशी की तो नीट चालला तर काहीच दिसत नाही. २०१४च्या एप्रिलमध्ये गूगल प्लेवर 'व्हायरस शील्ड' नावाचं ३.९९ डॉलरचं अ‍ॅप विक्रीत पहिल्या क्रमांकावर पोचलं, दहा हजारांवर लोकांनी घेतलं. ते काय करायचं? बोट लावलं की ढालीवरची फुली जाऊन बरोबरची खूण यायची. बास. दुसरं काहीही नाही. २०१९ मध्ये ऑस्ट्रियाच्या एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज संस्थेनं अँड्रॉइडची २५० सुरक्षा अ‍ॅप तपासली. जेमतेम ८० धड काम करत होती. काही तर नुसती ओळखीच्या नावांची यादी बाळगून बाकी सगळ्यांना धोकादायक ठरवत. त्यांतल्या काहींच्या लेखकांना त्या यादीत स्वतःचंच नाव घालायचं राहिलं होतं, त्यामुळे ती अ‍ॅप स्वतःलाच व्हायरस म्हणून पकडत.

व्यवस्थापकाचा लॅपटॉप अखेर दांडेलीच्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेला. त्याचं काम दहा मिनिटांचं होतं : दुरून ताबा घेणारं अ‍ॅप काढलं, ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या साइटची सूचनांची परवानगी रद्द केली, बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलायला लावले. लाल पान पुन्हा आलंच तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर मारायचा आणि परत उघडताना जुनी पानं पुन्हा आणू द्यायची नाहीत, एवढं शिकवलं. विंडोजचं आतलं अँटिव्हायरस चालू होतं, ते तसंच ठेवलं.

मी दुरुस्तीवाल्याला विचारलं, दहा मिनिटांचं काम तर लॅपटॉप संध्याकाळपर्यंत का ठेवून घेतलास? तो मोकळेपणानं बोलला. गिऱ्हाईक आलं की तो मुद्दाम पूर्ण स्कॅन लावतो आणि पडदा गिऱ्हाइकाकडे वळवतो. पट्टी सरकताना, फाइलींची नावं पळताना दिसली पाहिजेत. "आत आहे ते पुरेसं आहे, दुसरं घालू नका, असं सांगितलं की लोक म्हणतात, मग तू काय केलंस? स्कॅन दिसला नाही तर अडीचशे रुपये द्यायलाही कुरकुर करतात."